ना अपील, ना वकील, ना दलील

पठाण मराठीत आला तो सावकाराच्या वहीतून. 'पठाणी व्याज', 'पठाणी वसुली' हे शब्द आपल्या तोंडी आजही सहज येतात. पण पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेवरच्या पश्तूनांना विचारलं, तर वसुलीची उलटी कहाणी ऐकायला मिळते. एकाने गुन्हा करायचा आणि भरपाई अख्ख्या जमातीने करायची, असा तिथला कायदाच होता.

हा कायदा म्हणजे इंग्रजांचा १९०१चा 'फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन' (एफसीआर). बाजौरपासून दक्षिण वझिरिस्तानपर्यंतच्या सात 'एजन्सीं'मध्ये पोलिटिकल एजंट हाच कलेक्टर, न्यायाधीश आणि तुरुंगाधिकारी. एखाद्या जमातीच्या हद्दीत सरकारी माणसावर हल्ला झाला, की साऱ्या जमातीला दंड व्हायचा. तिच्या दुकानांना टाळी लागत, दिसेल त्या माणसाची उचलबांगडी होई, घरंही पाडली जात. लोकांनी या कायद्याचं वर्णन तीन शब्दांत केलं: ना अपील, ना वकील, ना दलील.

पश्तूनांचे नेते खान अब्दुल गफारखान यांना इंग्रजांनी १९३४मध्ये तुरुंगातून सोडलं, पण सरहद्द प्रांतात पाऊल ठेवायला बंदी घातली. ते वर्ध्याला येऊन राहिले. मुंबईतल्या एका भाषणावरून त्याच डिसेंबरात त्यांना पुन्हा अटक झाली, तीही वर्ध्यातच. इंग्रज गेले म्हणून फारसं काही बदललं नाही. १२ ऑगस्ट १९४८ रोजी चारसद्द्याजवळ बाब्रा इथे गफारखानांच्या अहिंसक खुदाई खिदमतगारांवर गोळीबार झाला, तो पाकिस्तान सरकारचा. एफसीआरही नव्या राज्याने जसाच्या तसा ठेवला. या भागातल्या सामान्य माणसाने पहिल्यांदा मत दिलं ते १९९७मध्ये. त्याआधी तो हक्क मलिकांपुरता, म्हणजे जमातींच्या सरकारमान्य म्होरक्यांपुरता होता. सामूहिक शिक्षेतून बायका, सोळा वर्षांखालची मुलं आणि म्हातारी माणसं सुटली ती २०११मध्ये!

सोव्हिएत काळातला जिहाद, मग तालिबान, मग लष्करी मोहिमा. तालिबानने मलिकांना वेचून मारलं, सैनिकही मेले, हे खरंच आहे. पण २००९मध्ये दक्षिण आणि २०१४मध्ये उत्तर वझिरिस्तानात फौजा उतरल्या, तेव्हा लाखो माणसं बन्नू, डेरा इस्माईल खानकडे निघाली. परतली तेव्हा घरं ढासळलेली होती, शेतात सुरुंग होते. आपल्याच गावी जायचं तर प्रत्येक नाक्यावर वझिरिस्तानी असल्याचं 'वतन कार्ड' दाखवायचं.

जानेवारी २०१८मध्ये नकीबुल्ला मेहसूद या वझिरिस्तानी तरुणाला कराचीत पोलिसांनी बनावट चकमकीत मारलं. त्या संतापातून मंजूर पश्तीनची 'पश्तून तहफ्फुज मूव्हमेंट' उभी राहिली. मागण्या साध्या होत्या: सुरुंग काढा, बेपत्ता माणसांना कोर्टात उभं करा, नाक्यांवरचा अपमान थांबवा. त्याच वर्षी मेमध्ये घटनादुरुस्ती होऊन सात एजन्सींचा हा सीमाभाग खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन झाला. आता सीमेवर देशाचा कायदा येईल, अशी आशा होती. घडलं जवळजवळ उलटं. लष्कराला माणसं डांबून ठेवू देणारा सीमेवरचा अधिकार ऑगस्ट २०१९मध्ये एका वटहुकमाने सगळ्या प्रांताला लागू केला गेला. पेशावर उच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये तो रद्द केला, पण आठवडाभरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

६ ऑक्टोबर २०२४ रोजी दहशतवादविरोधी कायद्याखाली पश्तीनच्या संघटनेवर बंदी आली. तीन दिवसांनी जमरूदमध्ये जिरग्याच्या, म्हणजे पश्तूनांच्या पंचायत-सभेच्या, तयारीतल्या लोकांवर पोलिसांची कारवाई झाली, त्यात माणसं मेली. तरीही ११ तारखेला जिरगा भरला. तिथे ठरलेली मुदत साठ दिवसांची होती आणि ती फौजा आणि सशस्त्र टोळ्या या दोघांनाही होती: आमच्या भूमीतून निघून जा.