केबलचे पाट वेगळे ठेवा
— ऊस विकास अधिकारी



गाळप थांबले की आपण विचारतो, "मिल बिघडली का?" पण पुष्कळदा मिल, बॉयलर, टर्बाइन सगळे धडधाकट असते आणि बिघाड असतो तो एखाद्या केबलमध्ये. तोडलेला ऊस यार्डात उभा राहिला की वजन घटते आणि उताराही घटतो. वजनाचा तोटा सरळ आपला. उताऱ्याचा तोटा कारखान्याचा, पण ऊसदर उताऱ्याशी बांधलेला असल्यामुळे तोही फिरून आपल्याच बांधावर येतो. म्हणून केबलची गोष्ट एकट्या वायरमनची नव्हे.

महाडकडचा धडा

आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर आणि पुढे महाड. तिकडचे पीक भाताचे आणि पाऊस मुसळधार. महाडजवळ बिरवाडीच्या बाजूला एम.आय.डी.सी.ची वसाहत आहे, तिथे रासायनिक कारखाने बरेच. अशा कारखान्यांत मान वर करून पाहिले तर पाइपांच्या रांगेशेजारी लोखंडी शिड्या आडव्या टांगलेल्या दिसतात आणि त्यांवर केबली अंथरलेल्या असतात. हेच केबल ट्रे.

केबल जमिनीतल्या चरातूनही नेता येते. पण सावित्री-गांधारीच्या पुराने महाड शहर जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी पाण्याखाली गेले. असे पाणी चढणाऱ्या मुलखात चर भरतो आणि केबलच्या जोडात ओल शिरते. उंचावरची केबल डोळ्यांसमोर राहते, तपासता येते, बदलता येते. मात्र आम्लाची वाफ आणि दमट हवा ट्रेवरचा जस्ताचा मुलामा खाते. त्यामुळे अशा जागी फायबरचे ट्रेही वापरतात.

एका शिडीवर सगळे नको

केबली मुख्यतः दोन जातींच्या. एक मोटारींना वीज पुरवणारी, दुसरी संदेश नेणारी. पहिलीतून शेकडो अँपिअर वाहतात. दुसरीतून तापमान, दाब, वजन यांचे नाजूक संदेश जातात. वजनकाट्याचेच पाहा. लोड सेलला १० व्होल्ट दिले तर पूर्ण भाराला साधारण २० मिलिव्होल्टच परत येतात. शेजारून मोठ्या मोटारीची केबल गेली तर तिच्या चुंबकीय क्षेत्राची लुडबूड या संदेशात होते. मोटारीचा वेग बदलणारी ड्राइव्ह असेल तर त्रास आणखी वाढतो. मग काट्यावरचा आकडा ठरत नाही, नाचत राहतो.

यासाठी रीत अशी :

१) उच्च दाबाची केबल सर्वांत वरच्या ट्रेवर, त्याखाली ४४० व्होल्टची, त्याखाली नियंत्रणाची आणि सर्वांत खाली संदेशाची.

२) वीज आणि संदेश यांच्या ट्रेंमध्ये निदान फूटभर, म्हणजे ३०० मि.मी.च्या आसपास अंतर. प्रवाह मोठा असेल तर अधिक.

३) दोन्ही एकमेकींना ओलांडणारच असतील तर काटकोनात. समांतर लांबवर नेऊ नयेत.

४) केबलीवर केबल रचू नये. शेणखताचा ढीग जसा आतून तापतो, तशी मधली केबल तापते आणि तिचे वेष्टन लवकर जळते.

५) चिलखती केबल जाडीच्या साधारण १२ पटीपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नये. ट्रेला अर्थिंग हवेच.

आग शिडीवरून चालते

अमेरिकेत अलाबामा राज्यातील ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात २२ मार्च १९७५ रोजी काय झाले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. भिंतीतल्या केबलच्या भोकातून हवा गळते का, हे कामगार मेणबत्तीच्या ज्योतीने पाहत होते. भोकात बुजवलेल्या फोमने पेट घेतला. आग ट्रेवरून पसरली, सोळाशेहून अधिक केबली होरपळल्या आणि ती विझवायला सुमारे सात तास गेले. मुख्य यंत्रणेच्या आणि तिला पर्याय म्हणून ठेवलेल्या यंत्रणेच्या केबली पुरेशा वेगळ्या नव्हत्या, त्यामुळे दोन्हींना एकदम फटका बसला. पुढे तिथे केबली वेगळ्या ठेवण्याचे आणि भिंतीतली भोके न जळणाऱ्या लुकणाने बंद करण्याचे नियम कडक झाले.

आपल्याकडे तर बगॅसचा भुसा आहे. तो उडून ट्रेवर बसतो. केबलची उष्णता कोंडते ती त्याच्यामुळे, आणि ठिणगी पडली तर पेटतोही तोच. हंगामातही ट्रे झाडून घेणे हे बॉयलर तपासण्याइतकेच गरजेचे आहे.

आपण काय करावे?

काट्यावर गाडी उभी राहिल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. वाहनचालकाने घाई करू नये. आकडा वारंवार नाचत असेल तर शेतकी कचेरीत लगेच लेखी कळवावे. कारण केबलच असेल असे नाही, पण तपासणी झालीच पाहिजे. काट्याची वैधमापन खात्याकडून पडताळणी झाल्याचा दाखला पाहणे हा प्रत्येक सभासदाचा हक्क आहे.

विहिरीवरही हाच न्याय लावावा. मोटारीच्या केबलला पाण्याची पातळी सांगणारी वायर बांधून टाकू नये, उरलेल्या केबलचे वेटोळे स्टार्टरखाली ठेवू नये.

बंद हंगामात रोलर, पंप, बॉयलर यांच्या दुरुस्तीचा हिशेब आपण वार्षिक सभेत विचारतो. यंदा एक प्रश्न वाढवा : "केबल ट्रे झाडले का, वीज आणि संदेश वेगळे केले का?" खर्च थोडा आहे. यार्डात वाळणारा ऊस त्याहून महाग पडतो.