नवी भाषा आणि जुन्या आज्ञावल्या

माणसांच्या भाषेत शब्दांचे अर्थ हळूहळू पालटतात आणि ऐकणारा प्रसंग पाहून ते समजून घेतो. संगणकाजवळ असा समजूतदारपणा नसतो. त्याला कामे सांगण्यासाठी रचलेल्या कृत्रिम भाषांत प्रत्येक चिन्हाचा अर्थ ठरलेला असतो व त्यावर विसंबून लोक आपल्या आज्ञावल्या, म्हणजेच प्रोग्राम, लिहितात. अशी भाषा सुधारावयाची झाल्यास आधीच्या आज्ञावल्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पायथन या भाषेचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे.

गुइडो व्हॅन रॉसम यांनी नेदरलँड्समध्ये तयार केलेली ही भाषा १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्या मूळ रचनेत काही उणिवा होत्या. पूर्णांकाला पूर्णांकाने भागल्यास उत्तरही पूर्णांकच मिळे. ७ ला २ ने भागले असता ३ हे उत्तर येई. मजकुराची लांबी मोजतानाही अशीच अडचण होती. 'मराठी' या शब्दात तीन अक्षरे, एक काना आणि एक वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. जुनी भाषा चिन्हांऐवजी बाइट मोजून या शब्दाची लांबी १५ सांगे; नवी भाषा ५ सांगते.

या उणिवा दूर करणारी तिसरी आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली. जुन्या आज्ञावल्या तीत जशाच्या तशा चालणार नाहीत, हे तिच्या कर्त्यांनी जाणूनबुजून स्वीकारले होते.

असे बदल दोन प्रकारचे असतात. छपाईच्या 'प्रिंट' या आज्ञेस पूर्वी कंस लागत नसे, आता लागतो. कंस नसेल तर संगणक चूक दाखवून थांबतो आणि ती लगेच दुरुस्त करता येते. भागाकाराचे तसे नाही. तेथे संगणक तक्रार न करता निराळे उत्तर देतो व आज्ञावली चालूच राहते. हा दुसरा प्रकार अधिक घातक होय. म्हणूनच त्याची तयारी २००१ साली, २.२ या आवृत्तीतच सुरू झाली होती. आज्ञावलीच्या आरंभी एक विशिष्ट ओळ लिहिली की नवा भागाकार लागू होई. ज्याला पूर्णांकी उत्तर हवे असेल त्याच्यासाठी दोन तिरप्या रेघांचे वेगळे चिन्ह देण्यात आले.

जुनी आज्ञावली नव्या रूपात आणणारे एक साधनही पुरविण्यात आले. प्रत्येकाने एकदा रूपांतर करावे आणि पुढे जावे, अशी कल्पना होती. परंतु बहुतेक आज्ञावल्या इतरांनी लिहिलेल्या तयार आज्ञासंग्रहांवर उभ्या असतात. त्यांतील एक जरी जुन्या रूपात राहिला, तरी त्यावर अवलंबून असलेल्या सर्वांना थांबावे लागते. उलट, अशा संग्रहांच्या कर्त्यांचे वापरकर्ते दोन्ही आवृत्त्यांत विभागलेले होते. तेव्हा एकच मजकूर दोन्हींत चालावा अशा बेताने लिहिण्याची रीत पडली. त्यासाठी केलेल्या एका साहाय्यक संग्रहाचे नावच 'सिक्स' आहे, कारण दोन गुणिले तीन म्हणजे सहा. हे काम सुकर व्हावे म्हणून २०१२ च्या ३.३ या आवृत्तीत वगळलेली एक जुनी लेखनपद्धती परतही घेण्यात आली.

दुसऱ्या आवृत्तीची देखभाल २०१५ मध्ये थांबावयाची होती. ती मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली आणि १ जानेवारी २०२० रोजी देखभाल संपली. या स्थित्यंतरास अकरा वर्षे लागली. भाषेत सुधारणा करू नये, असा याचा अर्थ नव्हे. जुना अर्थ काढून घ्यावयाचा असेल, तर आधी इशारा द्यावा, दोन्ही रूपे काही काळ शेजारी नांदू द्यावीत आणि उत्तर मुकाट्याने बदलू देऊ नये, एवढाच त्याचा बोध आहे.