भुसा, करवंटी आणि तेजाबातलं सोनं

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक सोनं-चांदी शुद्ध करायला देशभर गेले. त्यांच्या तेजाबाच्या (आम्लाच्या) पाण्यात थोडं सोनं उरतंच. दुसरीकडे, हुबळीजवळच्या तारिहाळ औद्योगिक वसाहतीभोवतीच्या शिवारात भुईमूग, मका, कापूस पिकतो. या पिकांच्या टाकाऊ मालाने ते सोनं परत मिळेल का? मिळू शकतं, पण त्याबद्दल भलत्या समजुती फार आहेत.

गैरसमज: हा प्रयोगशाळेपुरता खेळ आहे.
वस्तुस्थिती: सोन्याच्या खाणी सायनाइडच्या पाण्यात उतरलेलं सोनं नारळाच्या करवंटीच्या कोळशावर धरतात. अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत १९७३ पासून ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली.

गैरसमज: कुठलाही भुसा टाका, सोनं चिकटतं.
वस्तुस्थिती: अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात, सोनं क्लोराइडशी बांधलेलं असतं. टॅनिन असलेली साल, उदाहरणार्थ भुईमुगाच्या दाण्याची लाल साल, त्याला इलेक्ट्रॉन देऊ शकते. मग तेच सोनं धातूचे कण होऊन सालीवर बसतं. जपानच्या सागा विद्यापीठातल्या संशोधकांनी पर्सिमन फळाच्या टाकाऊ भागावर हे करून दाखवलं. कडक आम्लात तांबं बहुतेक पाण्यातच राहतं, हा मोठा फायदा. मात्र नायट्रिक उरलं असेल तर ते सालीलाच खातं आणि सुटलेलं सोनं पुन्हा विरघळवतं. म्हणून ते आधी घालवायलाच हवं. पाण्यात सोनं उरलंय का हे पाहायचं तर स्टॅनस क्लोराइडचा थेंब टाकावा. जांभळट रंग आला तर सोनं आहे.

गैरसमज: आता हिराकशीची (फेरस सल्फेटची) गरज नाही.
वस्तुस्थिती: दाट पाण्यातलं सोनं हिराकस किंवा मेटाबायसल्फाइटनेच खाली बसवावं, ते स्वस्त आणि झटपट होतं. साल कामी येते ती शेवटच्या पातळ पाण्यात. लिटरमागे १० मिलिग्रॅम सोनं म्हणजे हजार लिटरमागे १० ग्रॅम. आजच्या भावात ते गटारात सोडणं मला तरी पटत नाही.

गैरसमज: शेतातला माल, म्हणजे सगळं निर्धोक.
वस्तुस्थिती: सोनं निघालं तरी आम्ल आणि तांबं, निकेल, कॅडमियम पाण्यातच राहतात. ते पाणी प्रक्रिया केल्याशिवाय सोडू नये. नायट्रिकचा तांबूस धूर फुफ्फुसं जाळतो. आणि सायनाइडच्या पाण्यात आम्ल कधीही मिसळू नये, त्यातून निघणारा वायू जीव घेतो.