देर्लाँ येतोय का?

सकाळी ६:००
चहाचा कप नकाशावर ठेवायचा नाही, हा घरातला एकमेव नियम माझा. नकाशा फेरारिसचा, अठराव्या शतकातल्या बेल्जियमचा. १६ जून १८१५ची लढाई पटावर मांडायला आजच्या नकाशापेक्षा हा बरा, कारण यात बॉसूचं रान आहे. पुढे ते तोडलं गेलं. रानाच्या टोकाला कात्र ब्रा, शब्दशः 'चार हात'. आपल्याकडे चौफुला म्हटलं असतं. शार्लरुआहून ब्रसेल्सला जाणारा रस्ता इथे निव्हेल-नामूर रस्त्याला छेदतो. वॉटर्लूच्या दोन दिवस आधी फ्रेंच मार्शल ने हा चौफुला घ्यायला निघाला आणि त्याला तो मिळाला नाही. (या माणसाचं नाव मराठीत तृतीयेच्या प्रत्ययासारखं. 'नेला', 'नेने' लिहून पाहिलं आणि सोडून दिलं. यापुढे नुसता मार्शल.)

मागच्या महिन्यात हाच डाव फसला. भाचा मार्शल होता. चौफुल्यावर डच सेनापती पेर्पोंशेची सुमारे आठ हजार माणसंच आहेत, हे तो वाचून आला होता. पहिल्या फेरीत सगळं सैन्य रस्त्यानं वर, दुसऱ्या फेरीत चौफुला खिशात. "मामा, एवढं सोपं होतं तर त्यानं का नाही केलं?"

आजचा दिवस त्या 'का'साठी.

७:३०
आधी पीक. त्या जूनमध्ये राय नावाचं धान्य माणसाच्या उंचीला आलं होतं. माझे शिपाई १५ मिलिमीटरचे, त्यांना झाकेल असं पीक म्हणजे काथ्याचं पायपुसणं. कापून, विरळ करून, पिवळट रंग मारला की हुबेहूब. आमच्या दारात सध्या अर्धंच पायपुसणं आहे, त्यावर बायकोनं बोलणं सोडून दिलंय.

पीक शोभेचं नाही. ६९व्या ब्रिटिश पलटणीला चौकोन मोडून रांग धरायचा हुकूम मिळाला, तेवढ्यात केलरमानचे फ्रेंच चिलखती घोडेस्वार अंगावर आले आणि पलटणीचा एक ध्वज गेला. म्हणून नियम असा: रायमध्ये उभ्या पलटणीला अगदी जवळ आल्याशिवाय घोडदळ दिसत नाही.

९:३०
हिशेब. प्लायवूड सहा फूट बाय चार फूट. एक इंच म्हणजे ७५ मीटर, एक सोंगटी म्हणजे एक पलटण, एक फेरी म्हणजे अर्धा तास. दुपारी दोन ते रात्री नऊ, १४ फेऱ्या. काही नासाउ-डच शिपायांकडे माणशी दहाच काडतुसं होती, त्यांच्या सोंगट्यांना लाल ठिपका; तीनदा गोळीबार केला की थंड.

११:००
आता खरं काम: भाच्याला दबकायला लावणं. सोपा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: नियमच करायचा की मार्शलनं पहिल्या तीन फेऱ्या अर्ध्याच वेगानं चालायचं. मला तो पटत नाही. त्यात खेळणाऱ्याच्या गळ्यात मेलेल्या माणसाची चूक बांधली जाते, आणि तो फासे टाकणारा कारकून होतो. चूक द्यायची नाही, अज्ञान द्यायचं.

मार्शल आणि त्याचा सेनापती रेय, दोघांचेही हात स्पेनमध्ये पोळलेले. ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन मोजकी माणसं पुढे दाखवतो आणि खरं सैन्य टेकाडामागे झोपवतो, हे त्यांना अनुभवानं माहीत. कात्र ब्राला टेकाडामागे जवळजवळ कोणी नव्हतं. पण ते मार्शलच्या बाजूनं दिसत नव्हतं.

म्हणून खऱ्या सोंगट्यांबरोबर दुप्पट रिकामे ठोकळे, सगळे पालथे. कुमक बंद पाकिटांत. आणि या वेळी नकाशा आरशात धरल्यासारखा उलटा, गावांची आणि सरदारांची नावं बदललेली. भाच्याला लढाईचं नाव सांगायचंच नाही.

सगळं जाणणारा पंच ही युक्ती प्रशियाची. राइसविट्झनं १८२४ साली असा खेळ तिथल्या सैन्याला दाखवला, तेव्हा तो उचलून धरणारा सेनाप्रमुख म्युफलिंग १८१५ साली वेलिंग्टनकडे प्रशियाचा प्रतिनिधी म्हणून होता. कोणाला काय माहीत नसतं, हे त्यानं जवळून पाहिलं होतं.

दुपारी १:००
पिठलं-भात. टेबल अडलंय, म्हणून जमिनीवर.

२:००
वरच्या मजल्यावरचे काका वेलिंग्टन. त्यांना मी गॅलरीत बसवलं. वेलिंग्टन त्या वेळी प्रशियाच्या ब्ल्यूशरला भेटायला गेला होता, तीनच्या सुमाराला परतला. तोवर सूत्रं ऑरेंजच्या २२ वर्षांच्या राजपुत्राकडे, म्हणजे आमच्या घरी बायकोकडे. तिनं सगळे ठोकळे, भरलेले आणि रिकामे, रानाच्या कडेला ओळीनं लावले. भाचा थबकला. दोन पलटणी चाचपायला पाठवल्या. मी तोंड दुसरीकडे केलं.

३:३०
पिक्टनच्या ब्रिटिश कुमकेचं पाकीट फुटलं. काका आत आले, पट पाहिला आणि माझ्या कानाशी म्हणाले, "याच वेलिंग्टननं असईच्या लढाईत १८०३ साली नदीच्या दोन काठांना समोरासमोर गावं पाहिली आणि उतार असणारच म्हणून सैन्य घातलं पाण्यात. न दिसणारं ताडणारा माणूस. आता तुमचे ठोकळे खरे किती?" सांगितलं नाही. ते वेलिंग्टन असले तरी.

४:३०
सगळ्यात नाजूक जागा. देर्लाँची सुमारे वीस हजारांची फौज मार्शलच्या मदतीला येत असताना लिन्यीच्या लढाईकडे वळवली गेली. हुकूम नेमका कोणाचा, यावर इतिहासकार अजून भांडतात. मी भाच्याच्या हातात शिसपेन्सिलीची चिठ्ठी दिली, मुद्दाम गिचमिड. फौज तिकडे गेली, एवढंच कळावं.

"मामा, हे कोणी लिहिलंय?"

"माहीत नाही."

"मी परत बोलावू शकतो?"

"शकतोस. निरोप्या घोड्यावर जाईल."

त्यानं पाच मिनिटं विचार केला आणि बोलावलं. मार्शलनंही तेच केलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

६:३०
ब्रिटिश गार्ड रानात शिरले. केलरमानचे घोडेस्वार चौफुल्यापर्यंत जाऊन परतले, पाठीशी पायदळ नव्हतं. काकांकडे आता दुपारच्या चौपट माणसं. भाच्यानं दर फेरीला एकच प्रश्न विचारला, बदललेल्या नावानं: देर्लाँ येतोय का?

रात्री ९:००
आला. पटाच्या दक्षिण कडेला, शेवटच्या फेरीत. लिन्यीला लढला नाही, इथे लढला नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं. त्याच्या पायदळाच्या ३३ पलटणी रंगवायला मला अख्खा पावसाळा लागला होता.

भाच्यानं गावांच्या पाट्या सुलट करून खरी नावं वाचली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग त्या ३३ सोंगट्या, एकही फासा न पडलेल्या, एकेक करून खोक्यात ठेवायला लागला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, पीक आधी उचला, काथ्या जेवणात पडतो.