उपदेशक वर्गाचा वारसा

विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, तेव्हा गायनविद्या बहुतांशी दरबारच्या तनख्यावर आणि उस्तादांच्या मर्जीवर अवलंबून होती. वर्षानुवर्षे गुरुसेवा करावी, प्रसन्न क्षणी पदरात पडतील त्या चिजा घ्याव्यात आणि त्या जिवापाड जपाव्यात, हाच शागिर्दाचा सर्वसाधारण जीवनक्रम होता. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची कठोर तालीम घेतलेल्या विष्णुबुवांनी ओळखले की, विद्यालयास द्रव्य लोकाश्रयातून मिळेल, परंतु शिक्षक आयते मिळणार नाहीत. ते घडवावेच लागतील. त्यांचा उपदेशक वर्ग या निश्चयातून जन्मास आला.

या वर्गात घेतलेल्या होतकरू मुलांकडून नऊ वर्षांच्या मुदतीचा करार लिहून घेतला जाई, आणि त्या बदल्यात त्यांच्या भोजनाचा, निवासाचा व शिक्षणाचा भार विद्यालय वाही. रियाजाबरोबर स्वरलेखन त्यांस अवगत करून घ्यावे लागे, आणि वरच्या वर्गातील मुले खालच्यांस शिकवीत. म्हणजे शिक्षकी ही गायकी संपल्यावरची सोय नसून तिच्यासमवेत वाढणारी विद्या आहे, हा सिद्धांत तेथे नित्याच्या व्यवहारात उतरला होता. पुढे विष्णुबुवांनी मुंबईस काढलेल्या विद्यालयाची वास्तू कर्जापायी लिलावात गेली, तरी तेथे घडलेली माणसे गेली नाहीत. ओंकारनाथ ठाकुरांनी विशीच्या सुमारास लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले आणि उत्तरायुष्यात काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीतशिक्षणाची धुरा वाहिली, विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले, बा. र. देवधरांच्या मुंबईच्या विद्यालयात कुमार गंधर्व घडले. या परंपरेबाहेरही, लखनौस १९२६ साली संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या प्रेरणेने निघालेल्या मॅरिस कॉलेजाचे प्राचार्यपद श्रीकृष्ण रातंजनकरांनी दीर्घकाळ भूषविले. फैयाजखाँसाहेबांची तालीम लाभलेल्या या गवयाने आयुष्याचा उत्तमांश विद्यादानास वाहिला. यांपैकी कोणीही मैफलीत अपयश आले म्हणून शिक्षक झाला नव्हता.

विष्णुबुवांच्या निधनानंतर १९३१ साली स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून अलंकारापर्यंत गावोगावी पोहोचल्या, हे कार्य थोर आहे. तथापि स्वतः शुद्ध गाणे आणि दुसऱ्याच्या गळ्यातील दोष नेमका ओळखून तो त्याचे मन न दुखविता काढणे, या दोन स्वतंत्र विद्या आहेत. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटू लागला म्हणजे त्याची पट्टी कशी बदलावी, लयीत डळमळणाऱ्यास ठेका कसा धरवावा, कोणास अलंकार आधी द्यावेत आणि कोणास बंदिश, हे केवळ पदवीपत्राने येत नाही. ते अनुभवी गुरूच्या नजरेखाली शिकवूनच येते. असे असता आमच्या घरांतून आजही ‘मैफली नाही मिळाल्या तर शिकवण्या कर’ असा उपदेश होतो, आणि बुद्धिमान तरुण या व्यवसायापासून दूर राहतात, यात नवल ते काय?

म्हणून संगीतसंस्थांनी निवडक तरुणांस विद्यावेतन देऊन ज्येष्ठ शिक्षकांच्या हाताखाली उमेदवारी करू द्यावी. शाळांनी संगीतशिक्षकास इतर विषयांच्या शिक्षकांइतके वेतन व मान द्यावा. आणि नामवंत गवयांनी आपला सर्वोत्तम शागीर्द आनंदाने अध्यापनास पाठवावा. ज्या तरुणांचा स्वर स्थिर झाला आहे त्यांस माझी विनंती एवढीच की, त्यांनी कीर्तीची वाट न पाहता आपल्या गावातील एखाद्या मुलास या वर्षीच समोर बसवून शिकविण्यास प्रारंभ करावा.