वीस हजारांत बसवायचं घर

संपादकांना लेख हवा होता गाड्यांच्या काचांच्या सभागृहावर. छायाचित्रात ते आहेच देखणं. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, हेल काउंटीतल्या मेसन्स बेंड या गरीब वस्तीत आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी ते २००० साली उभं केलं. शिकागोच्या भंगारातून शेव्हरोले कॅप्रिस गाड्यांच्या ८० काचा १२० डॉलरला उचलल्या आणि कौलं चढवावीत तशा एकीवर एक बसवल्या. मी मात्र अडकलो ते याच अभ्यासक्रमातल्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या एका साध्यासुध्या, पत्र्याच्या छपराच्या घरापाशी.

हा अभ्यासक्रम म्हणजे ऑबर्न विद्यापीठाचा रूरल स्टुडिओ. तो सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी १९९३ साली काढला. आर्किटेक्चरच्या मुलांनी न्यूबर्न गावाच्या आसपास राहायचं आणि गावकऱ्यांसाठी स्वतःच्या हातांनी बांधायचं. गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंती, माती ठासून भरलेले टायर हे सगळं पहिल्या पर्वातलं. २००१ मध्ये मॉकबी गेले आणि पुढे अँड्र्यू फ्रियर यांनी सूत्रं घेतली.

२००५ मध्ये प्रश्नच बदलला. सरकारी पेन्शनवर जगणाऱ्याला घरासाठी महिन्याला किती हप्ता झेपेल? तिथून उलटा हिशेब करत आकडा निघाला वीस हजार डॉलर. त्यातले साधारण बारा हजार साहित्याचे, बाकीची ठेकेदाराची मजुरी आणि नफा.

या आकड्यानं मुलांना जे शिकवलं ते कॉलेजात आराखडे तपासणाऱ्या कुठल्याही ज्युरीला जमलं नसतं. कागदावर भिंत सहा इंच वाढवायला काय लागतं? साइटवर त्यासाठी आठ बाय चारचा आणखी एक अख्खा प्लायवूड कापावा लागतो आणि उरलेली पट्टी वाया जाते. या हिशेबातून निघालेलं घर खांबांवर उचललेलं, खालून वारा खेळता. समोर पडवी, समोरासमोर खिडक्या. यातलं काहीही हौसेखातर केलेलं नाही. आपल्याकडे मुलं एक सत्र आर्किटेक्टच्या ऑफिसात काढतात, पण तिथंही बहुतेकांच्या वाट्याला संगणकावरचं ऑटोकॅडच येतं. ओळंबा गवंड्याच्या हातातच राहतो.

खरी गोची पुढे आहे. विद्यार्थ्यांची मेहनत फुकट असते, ठेकेदाराची नसते. अटलांटाजवळच्या सेरेनबी वसाहतीत बिल्डरनं अशी घरं बांधली, तेव्हा वीस हजारांचा आकडा कुठल्या कुठे मागे पडला. बँकांनाही एवढंसं कर्ज नको असतं. कागदपत्रांचा खटाटोप मोठ्या कर्जाइतकाच आणि कमाई किरकोळ. म्हणून स्टुडिओ आता इतर राज्यांतल्या गृहनिर्माण संस्थांना आराखडे देतो आणि बांधकामाबरोबर दरमहाचा खर्चही मांडतो. जाड इन्सुलेशन घातलं, छप्पर वादळाला पुरेल असं जखडलं, तर घर महागतं. पण वीजबिल घटतं आणि विम्याचा हप्ताही उतरू शकतो. कर्ज मंजूर करणाऱ्यानं हे सगळं एकत्र धरून बघावं, यासाठी स्टुडिओची सध्या खटपट चालू आहे.