लांबची वाट, थोडका वेळ

दोन विमानतळांमधील अंतर किती, हा प्रश्न वरवर पाहता भूगोलाच्या पुस्तकातला वाटतो. दिल्ली व सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला, तर तो आर्क्टिक प्रदेशावरून जातो आणि सुमारे 12,400 किलोमीटर भरतो. परंतु विमाने त्या दोऱ्यावरून सहसा जात नाहीत.

एअर इंडियाने 2015 च्या डिसेंबरात या दोन शहरांमध्ये थेट सेवा सुरू केली. दिल्लीहून निघालेले विमान प्रथम पश्चिमेकडे, युरोप व अटलांटिक महासागर ओलांडून जात असे. ही वाट सुमारे 13,900 किलोमीटरांची. 2016 च्या ऑक्टोबरात तेच विमान उलट दिशेने, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. अंतर सुमारे 15,300 किलोमीटर झाले, म्हणजे मुंबई-दिल्ली प्रवासाहूनही अधिक वाढले. वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला.

याचे कारण वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, जेट विमाने उडतात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा एक अरुंद व वेगवान पट्टा असतो. हिवाळ्यात जपानच्या परिसरात त्याचा वेग ताशी 200 किलोमीटरांच्याही वर जातो. विमान हवेतून ताशी 900 किलोमीटर वेगाने जात असेल आणि पाठीशी 150 चा वारा असेल, तर जमिनीवरचे अंतर ताशी 1,050 किलोमीटरांप्रमाणे कापले जाते. तोच वारा समोरून आला तर अवघे 750. वेळ वाचला की इंधनही वाचते.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून विमानतळच जवळ येतो, असे काहींना वाटते. ते खरे नव्हे. पृथ्वीबरोबर वातावरणही फिरते. भ्रमणाचा परिणाम होतो तो वाऱ्याच्या दिशेवर, आणि विमानाला लाभ मिळतो तो त्या वाऱ्याचा.

या प्रवाहाच्या शोधाची हकीकत मोठी गमतीची आहे. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून तो मोजला आणि 1926 साली आपला अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला. साऱ्या जगाला कळावे म्हणून निवडलेली ती भाषा जगाला येत नव्हती! 1944 मध्ये जपानवर चालून गेलेल्या अमेरिकन वैमानिकांना तोच वारा अनपेक्षितपणे भोवला.

वाऱ्याइतकीच सत्ता राज्यांच्या सीमांची. 2019 च्या फेब्रुवारीत पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैत उघडले. दरम्यान मार्चमध्ये इंडिगोची दिल्ली-इस्तंबूल सेवा सुरू झाली. सरळ वाट खुली असती तर ते विमान न थांबता गेले असते. त्याला दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला, आणि वाटेत दोहा येथे उतरून इंधन भरून घ्यावे लागले.